लोगिओस आणि धवलारीण

कांहीं शब्द असे असतात कीं, त्यांस आपल्या भाषेंत प्रतिशब्द शोधावयास निघालें असतां तो एकदम सांपडत नाहीं; मात्र त्या शोधाच्या निमित्तानें आपल्याच घरांतील अडगळींत पडलेल्या कित्येक मोलाच्या वस्तू हातीं लागतात. ग्रीक भाषेंतील ‘लोगिओस’ हा शब्द अशांपैकींच एक होय. कोश उघडून पाहिला तर त्याचे दोन अर्थ शेजारीं शेजारीं दिलेले आढळतात : एक ‘विद्वान्’ व दुसरा ‘वक्तृत्वसंपन्न’. वाचकास आश्चर्य वाटतें तें या शेजाराचें. कारण आपल्या अनुभवांत हे दोन गुण एकाच घरीं क्वचितच नांदतात. ज्यांच्या विद्वत्तेविषयीं कोणास शंका नाहीं असे गृहस्थ व्यासपीठावर उभे राहिले कीं श्रोते घड्याळाकडे पाहूं लागतात. आणि ज्यांच्या वाणीनें सभा डोलूं लागते त्यांच्या भाषणाचें सार घरीं येऊन लिहूं म्हटलें तर अर्धें पानहि भरत नाहीं. मग ग्रीकांनीं हे दोन गुण एकाच दावणीस कां बांधले?

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाहीं. भाषांतरकारांस तो चांगलाच नडला आहे. बायबलाच्या नव्या करारांत हा शब्द एकदांच आला आहे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायांत अपुल्लो नांवाचा आलेक्सांद्रियेचा एक यहुदी गृहस्थ इफिस शहरीं येतो. त्याचें वर्णन करतांना लेखकानें हें विशेषण योजिलें आहे. जुन्या लॅटिन भाषांतरांत त्याचा अर्थ ‘वक्ता’ असा केला गेला, व १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरानें तोच स्वीकारिला. १८८१ सालीं त्या भाषांतराचें संशोधन करणाऱ्या पंडितांनीं ‘वक्ता’ काढून तेथें ‘विद्वान्’ घातला. १९४६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या सुधारित भाषांतरांत विद्वान् गेला व वक्ता परत आला. त्याच वाक्यांत पुढें अपुल्लो शास्त्रांत समर्थ होता असें निराळें सांगितलें आहे, तेव्हां पहिल्या विशेषणाचा अर्थ वक्ता असाच असला पाहिजे, असें एका पक्षाचें म्हणणें. आलेक्सांद्रिया हें त्या काळचें विद्येचें माहेरघर, तेव्हां विद्वान् हाच अर्थ प्रशस्त, असें दुसऱ्या पक्षाचें. अशा रीतीनें तो सत्पुरुष सव्वातीनशें वर्षें सभेंतून ग्रंथालयांत व ग्रंथालयांतून सभेंत येरझारा घालीत राहिला.

बरें, हा वाद आजकालचा म्हणावा तर तसेंहि नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत फ्रुनिखोस नांवाचा एक ग्रीक वैयाकरण होऊन गेला. जुन्या अथेन्सची भाषा हीच शुद्ध, बाकीची भ्रष्ट, असें मानणाऱ्या संप्रदायांतला तो होता, आणि लोकांच्या चुकीच्या प्रयोगांची एक यादीच त्यानें करून ठेविली आहे. त्या यादींत ‘लोगिओस’ हा शब्दहि आहे. बोलण्यांत पटाईत व भारदस्त अशा मनुष्यास सामान्य लोक हा शब्द लावितात, परंतु प्राचीन लोक तसें करीत नसत. ज्या त्या जनसमाजांतील देशरिवाज अनुभवी जाणतेपणानें जो उलगडून सांगतो, त्यास ते लोगिओस म्हणत, असा त्याच्या टिपणाचा आशय आहे. म्हणजे दोन अर्थांच्या भांडणांत हा तिसराच अर्थ पुढें आला. आणि आमच्या मतें खरा वारसदार तोच होय.

हिरोडोटसाचा ग्रंथ पाहिला म्हणजे याविषयीं शंका राहूं नये. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील हा इतिहासकार आपल्या ग्रंथाच्या आरंभींच इराणी लोकांतील ‘लोगिओइ’ काय सांगतात तें सांगूं लागतो. ग्रीक व आशियाई यांचें वैर कोठून उद्भवलें, याची इराणी बाजूची हकीकत ही मंडळी देत. पुढें मिसर देशाच्या प्रकरणांत तो म्हणतो कीं, तेथील शेतीच्या प्रदेशांत राहणारे लोक स्मरण राखण्याच्या कामीं सर्व मनुष्यजातींत अग्रेसर आहेत, व आपणांस भेटलेल्या लोकांत तेच सर्वांत अधिक ‘लोगिओस’ होत. वाचकांनीं या जागीं क्षणभर थांबावें. येथें विद्वत्तेचा संबंध ग्रंथसंग्रहाशीं जोडलेला नाहीं. तो स्मरणाशीं जोडलेला आहे. हिरोडोटसानें या लोकांस विचारलें, त्यांनीं सांगितलें, त्यानें ऐकलें. पिंडार कवीनेंहि एके ठिकाणीं गायक व लोगिओस अशी जोडी घातली आहे. गेलेल्या माणसांची कीर्ति हे दोघे राखतात. एक गाऊन व दुसरा सांगून.

या शब्दाचें मूळ पाहिलें तरी हेंच दिसून येतें. ‘लोगोस’ हा त्याचा बाप, व ‘लेगेइन’ हा धातु त्याचा आजा. या धातूचा जुना अर्थ वेंचणें, गोळा करणें, मोजणें. त्यावरून पुढें सांगणें, बोलणें. जो वेंचून, मोजून, क्रमानें मांडतो तोच सांगतो. हें आपणांस परकें वाटावयाचें कारण नाहीं. संस्कृतांतील ‘ख्या’ धातूपासून एकीकडे ‘संख्या’ झाली व दुसरीकडे ‘आख्यान’ व ‘व्याख्यान’ झालें; मोजणें आणि सांगणें आपल्याकडेहि सख्खीं भावंडें आहेत. वेदवेदांगें शिकलेल्या ब्राह्मणास ‘अनूचान’ म्हणत. त्या शब्दांत ‘वच्’ म्हणजे बोलणें हाच धातु आहे. आपला ‘वाचणें’ हा नित्याचा शब्ददेखील त्याच धातूचा : वाचणें म्हणजे मूळचें बोलविणें, मुक्या अक्षरांकडून वदवून घेणें. आणि ‘बहुश्रुत’ या शब्दाकडे तर पाहावें. ज्यानें पुष्कळ ऐकलें तो बहुश्रुत. पुष्कळ वाचलेल्या मनुष्यासहि आपण आज बहुश्रुत म्हणतों, व असें म्हणतांना विद्येची वाट कानांवरून जात असे याची नकळत कबुली देतों. पाणिनीनें तर पुढचाहि विवेक करून ठेविला आहे. नीट बोलणारा तो ‘वाग्मी’. आणि उगाच पुष्कळ बोलणारा तो ‘वाचाल’ किंवा ‘वाचाट’. अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत ही दोन सूत्रें पाठोपाठ आलीं आहेत. या शेजारांत त्या महामुनीची विनोदबुद्धि दिसते असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

कालांतरानें ग्रीक शब्दाचा अर्थ बदलत गेला. प्लूटार्क सांगतो कीं, ऑगस्टस बादशहाचा नातू एकदां सिसेरोचें पुस्तक वाचीत बसला असतां आजोबा अकस्मात् आले. सिसेरोच्या वधास ज्यांनीं संमति दिली त्यांपैकीं हा बादशहा एक. तेव्हां मुलानें भिऊन पुस्तक वस्त्रांत लपविलें. बादशहानें तें घेतलें, उभ्या उभ्या बराच वेळ वाचलें, आणि परत देतांना, हा पुरुष लोगिओस होता व देशावर प्रेम करणारा होता, असे उद्गार काढिले. येथें वक्ता म्हणावें कीं विद्वान् म्हणावें? सिसेरो दोन्ही होता. परंतु त्यानंतर छापखान्यांचा काळ आला व या शब्दाचें बिऱ्हाड कायमचें कागदावर हाललें. १८११ ते १८२१ या काळांत व्हिएन्ना शहरांतून ग्रीक भाषेंत एक विद्याविषयक नियतकालिक निघत असे. त्याचें नांव ‘हर्मीस लोगिओस’. आजच्या ग्रीक भाषेंत तर या शब्दाचा अर्थ साहित्यिक पंडित असा झाला आहे. सांगणारा गेला, लिहिणारा राहिला.

आमच्याकडे हीच गति झाली, पण ती फार अलीकडे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत तिचे दोन्ही टप्पे एकाच आयुष्यांत पाहावयास मिळतात. १८५८ सालीं जन्मलेल्या रमाबाईंस संस्कृत शिकविलें तें त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाईंनीं, आणि तेंहि मुख्यतः तोंडीं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं हिंडत. देवळांत, घाटावर पुराण सांगावें व श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. भागवताचे सहस्रावधि श्लोक या मुलीस मुखोद्गत झाले ते याच शाळेंत. दुष्काळानें आईबाप गेले. पुढें १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितसभेनें त्यांची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ती परीक्षाहि तोंडींच होती. विद्या व वाणी यांचा निवाडा त्या सभेस निरनिराळा करावा लागला नाहीं. त्याच रमाबाईंनीं उत्तरायुष्यांत केडगांवीं बसून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला व संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें. अल्पशिक्षित बायकांसहि समजावें अशी सोपी भाषा त्यांनीं बुद्ध्या योजिली. १९२२ च्या एप्रिलांत त्या निवर्तल्या, आणि १९२४ सालीं तें भाषांतर प्रसिद्ध झालें. ज्यांनीं अपुल्लोचें तें विशेषण मराठींत आणिलें त्यांतील एका व्यक्तीच्या स्वतःच्या चरित्रांतच त्याचा अर्थ असा लिहिलेला आहे. तो कोशांत शोधण्याची गरज नव्हती.

परंतु रमाबाई शास्त्र्याच्या कन्या, व त्यांची विद्या ग्रंथांवरच उभारलेली. फ्रुनिखोसाच्या व्याख्येंत ग्रंथाचें नांवहि नाहीं. जनसमाजाचे रिवाज जाणतेपणानें उलगडून सांगणारें, अक्षराशीं संबंध नसलेलें असें माणूस आपल्याकडे कोण? याचें उत्तर आम्हांस पुस्तकांत मिळालें नाहीं. तें दिघाशीस मिळालें.

दिघाशी हें ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील एक गांव. भिवंडी म्हटलें कीं आज लोकांस यंत्रमाग व गुदामें आठवतात. परंतु तालुक्याचा खेड्यापाड्यांचा भाग भातशेतीचा आहे, व तेथें आगरी, कुणबी, वारली, कातकरी इत्यादि समाज नांदतात. आगरी समाजाच्या लग्नांत ‘धवलारीण’ नांवाची एक स्त्री असते. लग्नाच्या प्रत्येक विधीचें गाणें, ज्यास धवला म्हणतात, तें ती म्हणते. आणि तें गाणें करमणुकीचें नव्हे, तर तोच त्या विधीचा मंत्र होय. भटजीस बोलावण्याची चाल नव्हती तेव्हां लग्न लावीत असे ती हीच. वारली समाजांतहि ‘धवलेरी’ असते व तिच्यावांचून लग्न लागत नाहीं. पौरोहित्याचा अधिकार स्त्रियांस आहे कीं नाहीं यावर शहरांत व्याख्यानें झडत असतां, या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या बायका तो चालवीत आल्या आहेत.

एका आगरी स्नेह्यांच्या घरच्या कार्यानिमित्त आम्ही दिघाशीस गेलों असतां अशी एक धवलारीण आम्हांस पाहावयास मिळाली. वय सत्तरीच्या पलीकडचें. अंगणांत ध्वनिवर्धकाचा कल्लोळ चालला होता. तो मध्यंतरीं थांबला तेव्हां मांडवाच्या कोपऱ्यांतून तिचा बारीक, न थरथरणारा सूर ऐकूं आला. ती ओळ धरी व शेजारची दुसरी म्हातारी ती उचली. कार्ल्याच्या एकवीरेपासून गांवदेवापर्यंत एकेका देवास लग्नाचें आमंत्रण जात होतें, आणि त्या यादींत एकहि नांव मागें-पुढें होत नव्हतें. हळदीस पहिला हात कोणाचा लागावा यावर दोन्हीकडच्या मंडळींत थोडी कुरबूर झाली. शिकलेलीं, नोकरीचाकरी करणारीं माणसें होतीं तीं; परंतु निर्णय विचारावयास सर्व तिच्याकडे आलीं. तिनें धवल्यांतील एक कडवें म्हटलें, त्यांत त्या आत्याचा मान कोठून आला तें दोन वाक्यांत सांगितलें, आणि कुरबूर मिटली. एका तरुणानें आपल्या भ्रमणध्वनीवर चित्रण करण्यासाठीं झालेला धवला पुन्हां म्हणावयास सांगितला, तेव्हां तिनें मान हलविली. जो विधि होऊन गेला त्याचा धवला पुन्हां कसा म्हणावयाचा? “आजी, हें शिकलांत कोठें?” असें आम्हीं नंतर विचारलें. सासूच्या मागें बसून, असें ती म्हणाली. पहिलीं कांहीं वर्षें नुसतें ध्रुवपद धरावयाचें. “आयकून आयकून आलं,” एवढेंच तिचें उत्तर. बहुश्रुत या शब्दाची याहून चोख व्युत्पत्ति आम्हांस कोणत्याहि शास्त्र्याकडून मिळालेली नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, व तो वाजवी आहे. पाठांतर म्हणजे विद्वत्ता नव्हे. पोपटहि पाठ म्हणतो. शिवाय परंपरा जें जें सांगते तें तें सर्व खरें किंवा सर्व हितकर असतें असें थोडेंच आहे? हें आम्हांस मान्य आहे. खुद्द हिरोडोटसानें इराणी लोगिओइ यांची हकीकत दिली, लगेच फिनिशियन लोक ती निराळी सांगतात हेंहि दिलें, आणि दोन्ही बाजूस ठेवून, ज्यानें ग्रीकांची प्रथम आगळीक केली असें आपणांस स्वतःस ठाऊक आहे, त्या राजापासून आपला इतिहास सुरू केला. म्हणजे लोगिओसाचा शब्द हा त्याच्या लेखीं अखेरचा शब्द नव्हता. परंतु तो पहिला शब्द खचित होता; तो ऐकल्याशिवाय तपासणार काय? आणि पोपटाचा दृष्टांत येथें लागू पडत नाहीं. पोपटास कुरबूर मिटवितां येत नाहीं. कोणतें कडवें कोणत्या वेळीं, कोणासाठीं व कां, हें जाणणें, प्रसंग पाहून तें काढणें, आणि ऐकणाऱ्यास पटेल असें त्याचें विवरण करणें, यासच विद्या म्हणत नसतील तर मग विद्यापीठांतून काय शिकवितात? ज्ञान व कथन यांचा जोड येथें शाबूत आहे. ग्रीक शब्दास अभिप्रेत होता तो हाच.

तरीहि २०११ च्या शिरगणतीच्या व्याख्येप्रमाणें सात वर्षांवरील ज्या मनुष्यास कोणतीहि एक भाषा समजून वाचतां व लिहितां येते तो साक्षर, बाकीचे निरक्षर. त्या कागदावर आमची धवलारीण दुसऱ्या रकान्यांत पडते. साक्षरतेचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. जी अक्षरें तिला मिळालीं नाहींत तीं तिच्या नातीस मिळालीं, ही आनंदाची गोष्ट आहे. खेद इतकाच कीं, अक्षरें मिळालेल्या नातीस आजीचे धवले ही विद्या वाटत नाहीं. आणि तसें तिला वाटावें असें आम्हां लिहित्या-वाचत्या लोकांनीं कांहीं केलेलेंहि नाहीं. रकान्यास नांव देणारे आम्हीच; त्यांत कोण बसतें तें पाहण्याचें काम मात्र कोणाचेंच नाहीं.

वास्तविक मराठी वाङ्मयाचा आरंभच आम्हांस निराळें शिकवितो. तेराव्या शतकांत महदंबेनें रचलेले ‘धवळे’ हें मराठींतील स्त्रीकाव्याचें पहिलें लेणें; गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या हौसेनिमित्त तिनें तीं विवाहगीतें रचिलीं. धवळे व धवले, महदंबा व धवलारीण, यांचें नातें नांवांतच उघड आहे. त्याच पंथांतील म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांस ज्यांस आठवत होत्या त्यांस गांठून, विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. हा आमचा हिरोडोटस. महानुभाव परंपरा सांगते कीं, पुढें मुसलमानी स्वारीच्या धामधुमींत त्या ग्रंथाची मूळ प्रत नाहींशी झाली, तेव्हां अनुयायांनीं तो स्मरणांतून पुन्हां लिहिला. कागद स्मरणास वांचवितो हें आपण सदैव ऐकतों. येथें स्मरणानें कागदास वांचविलें. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ज्यांच्यामुळें आपल्या हातीं आहे ते लोक लोगिओस नव्हते तर कोण होते?

आतां हें दुसऱ्यांदा घडेल असा भरंवसा धरवत नाहीं, कारण आठवणारे कमी होत चालले आहेत. तेव्हां करावयाचें काम उघड आहे, आणि तें कसें करावें याचा कित्ताहि मराठींत घालून दिलेला आहे. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’मध्यें ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्याचे अनेक संग्रह काढिले, हेमा राईरकर व गी पॉइटेविन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर तिच्या गाणारणीचें व गांवाचें नांवहि नोंदिलें. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘लोकगीत’ असें म्हणून आपण गीत घेतों व सांगणारीस लोकांत बुडवून टाकतों. हिरोडोटसानें निदान ते कोणत्या देशाचे लोगिओइ हें तरी लिहिलें. धवले उतरून घेतांना नुसत्या ओळी घेऊन भागणार नाहीं. कोणत्या विधीस कोणता धवला, त्याच्या आधीं काय व नंतर काय, अडलेल्या शब्दाचा तिनें स्वतः सांगितलेला अर्थ काय, तो तिनें कोणापासून घेतला, हें सर्व तिच्या परवानगीनें व तिच्या नांवानिशीं लिहिलें पाहिजे. नाहींतर आपल्या हातीं वक्तृत्व येईल आणि विद्या तिच्याबरोबर जाईल. अपुल्लोच्या भाषांतरकारांनीं शब्दाचे दोन तुकडे केले, तसेच आपण माणसाचे करूं.

राहतां राहिला प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘वक्ता’ अपुरा, ‘विद्वान्’ अपुरा. ‘वाग्मी’ म्हटलें तर ज्ञान बाहेर राहतें, ‘बहुश्रुत’ म्हटलें तर कथन बाहेर राहतें. आमच्यापुरता निर्णय असा कीं, अपुल्लोस ‘बहुश्रुत’ म्हणावें व त्यानें इफिसास येऊन जें केलें तें वाचकांनीं पुढें वाचून घ्यावें. कारण कान आधीं, जीभ मागून. एका शब्दाचा निकाल याहून पक्का लावतां येत नसेल तर न लागो. तुळशीचें लग्न झालें कीं भिवंडी तालुक्यांत मांडव पडूं लागतात. त्या भागांतील ज्या शिक्षकांस, विद्यार्थ्यांस व लेकीसुनांस लिहितां येतें त्यांनीं या खेपेस मांडवांत जातांना एक कोरी वही बरोबर न्यावी, ध्वनिवर्धक घटकाभर थांबवावयास सांगावें, आणि म्हातारीच्या मागें जाऊन बसावें.